काहेता : शेळीच्या दुधाचे कॅरॅमल घरी करताना

मध्य मेक्सिकोतील ग्वानाहुआतो राज्यातले सेलाया हे शहर शेळीच्या दुधाच्या कॅरॅमलसाठी प्रसिद्ध आहे. तेथे या पदार्थाला काहेता म्हणतात. शेळीचे दूध, साखर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचे आणि दूध तपकिरी, चकचकीत व चमच्यावरून संथ ओघळेल इतके दाट झाले की उतरवायचे, एवढीच त्याची मूळ कृती. शेळ्या आणि ऊस हे दोन्ही स्पॅनिश वसाहतीच्या काळात, सोळाव्या शतकात मेक्सिकोत पोचले. कोरड्या, खडकाळ माळावर गाय पोसण्यापेक्षा शेळी पोसणे सोपे असल्याने तिच्या दुधाला तेथे घराघरांत स्थान मिळाले, आणि उरलेले दूध टिकवण्यासाठी साखर घालून आटवण्याची रीत पडली. पूर्वी काहेता पातळ लाकडाच्या गोल डब्यांतून विकली जाई. आता काचेच्या बाटल्यांतून मिळते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा ग्वानाहुआतो राज्याने सेलायाच्या काहेताला द्विशताब्दीचे मिष्टान्न म्हणून गौरवले.

अर्जेंटिना आणि उरुग्वेतला दुल्से दे लेचे हा याच कुळातला पदार्थ, पण तो गाईच्या दुधाचा. काहेताची ओळख शेळीच्या दुधाच्या किंचित उग्र, खारट छटेत आहे. ही छटा गोडीला धार देते. नुसत्या गाईच्या दुधाचे कॅरॅमल चार चमच्यांनंतर तोंडाला गुळमट लागते, काहेता तितकी लागत नाही. सेलायात अर्धे शेळीचे आणि अर्धे गाईचे दूध घेण्याचीही पद्धत आहे.

घरी हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच गैरसमजामुळे: रंग आला म्हणजे पदार्थ झाला, असे मानले जाते. प्रत्यक्षात पातेल्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. दुधातले पाणी उडून जाते, त्याने दाटपणा येतो. दुधातली साखर आणि प्रथिने यांचा संयोग होत राहतो, त्याने रंग आणि खरपूस चव येते. पहिली गोष्ट पातेल्याच्या रुंदीवर आणि आचेवर अवलंबून आहे. दुसरी मुख्यतः सोड्याच्या प्रमाणावर आणि शिजण्याच्या वेळेवर. सोडा जास्त पडला तर दूध पातळ असतानाच गडद होते. रुंद परातीसारख्या भांड्यात मोठ्या आचेवर आटवले तर ते फिके असतानाच घट्ट होते. दोन्ही एकाच वेळी जुळून यावीत यासाठी पुढची मापे आणि क्रम आहेत.

रंगाचे रसायन थोडे समजून घेतले की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. कोरडी साखर वितळून तपकिरी होण्यासाठी साधारण 160 ते 170 अंश सेल्सिअस तापमान लागते. दुधाच्या पातेल्यात पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे तेथे साखर जळून रंग येणे शक्यच नाही. येतो तो लॅक्टोज, म्हणजे दुधातली स्वतःची साखर, आणि प्रथिनांमधली अमिनो आम्ले यांच्या संयोगातून. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाते. खवा भाजून केलेला बेळगावचा कुंदा किंवा साताऱ्याचे कंदी पेढे यांचा रंगही मुख्यतः तिचाच. ही क्रिया आम्लात मंदावते आणि अल्कलीत वेग घेते. सोड्याचे एक काम येथे आहे.

त्याचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे. दूध आटते तसे त्यातले आम्लही दाट होत जाते, शिवाय बराच वेळ उकळताना लॅक्टोजच्या विघटनातून फॉर्मिक आम्ल तयार होते. आम्लता वाढली की केसीन हे प्रथिन गोळा होते आणि दूध फाटते. शेळीचे दूध या बाबतीत गाईच्या दुधापेक्षा नाजूक आहे. त्यातल्या केसीनच्या कणांची घडण वेगळी आणि मुक्त कॅल्शियम जास्त, त्यामुळे ते उष्णतेत लवकर दाणेदार होते. थोडा सोडा घातला की आम्लता आटोक्यात राहते आणि दूध शेवटपर्यंत एकजीव राहते. गाईच्या ताज्या दुधाचे कॅरॅमल सोड्याशिवायही कधी कधी निभावते. शेळीच्या दुधात तो धोका पत्करू नये.

दुधाची निवड हा या कामातला सर्वांत मोठा भाग, आणि महाराष्ट्रात अडचणही तेथेच येते. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या राज्यातल्या शेळ्या प्रामुख्याने मांसासाठी पाळल्या जातात. त्यांचे दूध करडांना आणि घरापुरते होते. दुकानात पिशवीतले शेळीचे दूध मोजक्या शहरांतच मिळते. म्हणून बहुतेकांना ते ओळखीच्या शेळीपालकाकडून घ्यावे लागते. तसे घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: दूध कधी काढले, आणि बोकड शेळ्यांबरोबरच बांधला जातो का. शेळीच्या दुधाला येणारा उग्र वास काही अंशी त्यातल्या छोट्या साखळीच्या मेदाम्लांचा असतो, आणि काही अंशी बोकडाच्या सहवासाचा. ताज्या, स्वच्छ काढलेल्या दुधाला हा वास फारच कमी येतो. कच्चे दूध तासन्‌तास तसेच राहिले तर त्यातले लायपेज हे विकर मेद फोडत जाते आणि वास वाढतो. आटल्यावर तो कमी होईल अशी आशा धरू नये. दूध आटले की त्याचे गुण दाट होतात तसे दोषही.

म्हणून दूध घरी येताच गाळून एकदा उकळावे. उकळल्याने लायपेज निकामी होते. लगेच कॅरॅमल करायचे नसेल तर भांडे थंड पाण्यात ठेवून दूध निववावे आणि शीतकपाटात ठेवावे. एक दिवस चालते. गोठवलेले दूधही वापरता येते. कच्चे शेळीचे दूध चाखून पाहू नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिसचा, म्हणजे माल्टा तापाचा संसर्ग होऊ शकतो. जुने वाटणारे दूध वापरायचे असेल तर आधी अर्धी वाटी वेगळी उकळून पाहावी. ती फुटली तर सगळे दूध कॅरॅमलला निकामी. सोडा घालून ते सावरत नाही. शेळीची दूधभुकटी मिळत असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात ती कोमट पाण्यात गाठी न होता मिसळून वापरता येते. चवीत थोडा शिजका वास येतो, पण दोन तास शिजणाऱ्या पदार्थात तो खटकत नाही.

शेळीचे पुरेसे दूध मिळत नसेल तर सेलायाप्रमाणे निम्मे गाईचे घालावे. म्हशीचे दूधही चालते, पण त्यातला मेद बराच जास्त असल्याने शेळीच्या दुधाची चव झाकोळते आणि पदार्थ बासुंदीच्या अंगाने जातो. म्हशीचे घ्यायचेच तर चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये.

दोन लिटर दुधाला 400 ग्रॅम साखर, अर्धा छोटा चमचा म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन चिमटी मीठ एवढे साहित्य लागते. मेक्सिकोत दालचिनी म्हणून वापरतात ती श्रीलंकेची पातळ, ठिसूळ सालीची. आपल्याकडच्या किराणा दुकानात बहुधा जाड, कडक सालीची मिळते, तिचा स्वाद तिखट असतो. ती वापरल्यास तुकडा निम्माच घ्यावा. व्हॅनिला आवडत असल्यास शेवटी घालावा. साखर 350 ग्रॅमपर्यंत कमी करता येते, त्याखाली गेल्यास पदार्थ टिकत नाही आणि चकाकीही जाते. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घालू नये. तिच्यात आम्ल मिसळलेलेच असते. एक छोटा चमचा सोडा घातला तर रंग झपाट्याने येतो खरा, पण मागून साबणासारखी चव राहते आणि ती कशानेही झाकत नाही.

भांडे जाड बुडाचे, स्टेनलेस स्टीलचे आणि किमान पाच-सहा लिटरचे हवे. दोन लिटर दुधाला एवढे मोठे भांडे कशाला, हा प्रश्न सोडा घालताच सुटतो: फेस दुधाच्या दुप्पट उंचीपर्यंत चढतो. ॲल्युमिनियमवर सोड्याचा परिणाम होऊन भांडे काळे पडते, दूधही करडे दिसू लागते. लोखंडी कढईत लोखंडाची चव उतरते. मेक्सिकोतले कारागीर तांब्याच्या मोठ्या कढया वापरतात, कारण तांब्यात आच सगळीकडे सारखी पसरते. परंतु कल्हई नसलेल्या तांब्यात दूध फार वेळ ठेवणे घरी टाळलेलेच बरे. चांगली कल्हई असलेले पितळी पातेले मात्र उत्तम. ढवळायला बुडाला पुरते टेकणारे, सपाट कडेचे लाकडी उलथने किंवा उष्णता सोसणारा सिलिकॉनचा पसरट चमचा घ्यावा. गोल चमचा बुडावर रेघा ओढतो आणि रेघांच्या मध्ये दूध लागते.

आच पेटवण्याआधी रिकामे पातेले वजनकाट्यावर ठेवून त्याचे वजन लिहून ठेवावे. या पदार्थात वजनाइतका खात्रीचा दुसरा पुरावा नाही. दोन लिटर दूध आणि साखर मिळून सुमारे 2460 ग्रॅम होतात. त्यातले घन पदार्थ साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, बाकी पाणी. पातेल्यातला ऐवज एक किलोवर आला की ओतता येण्याजोगे पातळ कॅरॅमल होते, 900 ग्रॅमवर चमच्याने घेण्याजोगी काहेता, आणि सुमारे 820 ग्रॅमवर थंड झाल्यावर सुरीने लावावे लागेल इतके घट्ट. म्हणजे 900 ग्रॅमसाठी दीड लिटरहून थोडे अधिक पाणी उडवायचे असते. घरात काटा नसेल तर उभ्या कडांच्या पातेल्यात स्वच्छ लाकडी पट्टी बुडवून सुरुवातीच्या उंचीची खूण करावी आणि ऐवज त्या उंचीच्या एक तृतीयांशाहून किंचित खाली आला की थांबावे.

दूध, साखर, मीठ आणि दालचिनी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. बुडाला बसलेली साखर पहिल्या दहा मिनिटांतच करपते. दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले, पण उकळी फुटली नाही, अशा वेळी पातेले आचेवरून उतरवावे. सोडा एका मोठ्या चमच्याभर पाण्यात विरघळवून तो थोडा थोडा घालत ढवळावे. कार्बन डायऑक्साइड सुटून फेस उसळतो. फेस बसल्यावरच पातेले पुन्हा आचेवर चढवावे. सोडा कोरडा टाकला तर त्याची गुठळी एका जागी राहून तेथे तपकिरी ठिपके पडतात.

यानंतरचा पहिला तास कंटाळवाणा पण निर्धोक असतो. आच अशी ठेवावी की दूध सतत हलके खदखदत राहील, पण ऊतू जाण्याच्या बेतात येणार नाही. दर तीन-चार मिनिटांनी बुडापासून ढवळणे पुरते. शेळीच्या दुधातले मेदाचे कण बारीक असतात आणि ते एकमेकांना चिकटून वर येत नाहीत, म्हणून गाईच्या दुधासारखी जाड साय धरत नाही. कडेला जी पातळ खपली धरते ती ओल्या उलथन्याने दुधातच सोडवून घ्यावी. ती सुकली तर नंतर तुकडे होऊन पडते. अर्ध्या तासाने दालचिनी काढून टाकावी. जास्त राहिली तर शेवटी दालचिनीचीच चव पुढे येते.

तासाभराने दूध हस्तिदंती, मग फिक्या बदामी रंगाचे होते. शेळीचे दूध मुळातच गाईच्या दुधापेक्षा पांढरे असते, कारण शेळी चाऱ्यातल्या पिवळ्या कॅरोटीनचे जवळजवळ सगळे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. त्यामुळे रंग बदलायला लागला की तो ठळक कळतो. या टप्प्यावर एकदा वजन करावे. पातेले गरम असल्याने काट्यावर लाकडी पाट ठेवून त्यावर ते ठेवावे आणि पाटाचे वजन वजा करावे. ऐवज दीड किलोच्या आसपास आणि रंग बदामी असेल तर सगळे ठीक चालले आहे. वजन जास्त आणि रंग गडद असेल तर आच थोडी वाढवून पाणी लवकर उडू द्यावे. वजन बरेच उतरले आणि रंग पांढुरकाच असेल तर वाटीभर पाणी किंवा दूध घालून, आच कमी करून वेळ वाढवावा. पाणी घालण्यात कमीपणा काही नाही; त्याने केवळ वेळ विकत घेतला जातो, चव बिघडत नाही.

पुढची तीस-चाळीस मिनिटे पातेल्यापासून हलायचे नाही. बुडबुडे आकाराने मोठे आणि चिवट होतात, फुटताना फटफट आवाज येतो, आणि थेंब हातावर उडतो. साखरेचा हा दाट ऐवज कातडीला चिकटून भाजतो; पूर्ण बाह्यांचा कपडा घालावा आणि लहान मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नये. आच आता अगदी मंद करावी आणि न थांबता बुडापासून, कोपरे धरून ढवळावे. याच टप्प्यात दूध खाली लागते. लागल्याची शंका आली तर बूड खरवडू नये. वरचा ऐवज हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावा आणि चाखून पाहावा. करपट चव वर आलेली नसेल तर उरलेले काम नव्या पातेल्यात पूर्ण होते. खरवडले तर काळे कण सगळ्यात मिसळतात आणि मग गाळणीही उपयोगाची नाही.

तयारीची खूण वजनाबरोबर दृष्टीनेही पडताळावी. उलथने बुडावरून ओढले की मागे भांड्याचे बूड क्षणभर उघडे दिसावे आणि मग ऐवज संथपणे मिटावा. आधी गोठवणकप्प्यात ठेवलेल्या स्टीलच्या बशीवर अर्धा चमचा टाकून मिनिटभराने बोटाने रेघ ओढावी. रेघ भरून न येता तशीच राहिली तर काहेता झाली. तापमापक असल्यास समुद्रसपाटीला 104 ते 105 अंश हा चमच्याने घेण्याजोग्या दाटपणाचा आकडा. उंचावर पाणीच कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे स्थानिक उत्कलनबिंदूवर चार-पाच अंश असा हिशेब धरावा. सेलाया समुद्रसपाटीपासून सुमारे 1750 मीटर उंचीवर आहे. तेथे 105 अंशांची वाट पाहणाऱ्याच्या हाती घट्ट गोळा लागेल. वजनाला उंचीचा हा प्रश्न येत नाही.

गरम असताना ऐवज नेहमी अपेक्षेपेक्षा पातळ दिसतो. अजून पाच मिनिटे हा मोह येथेच नडतो. काहेता पातळ राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आचेवर चढवता येते. अति घट्ट झाली तरी गरम पाणी किंवा दूध चमच्याचमच्याने घालून सैल होते. दोन्ही चुका दुरुस्त होणाऱ्या आहेत, करपणे तेवढे दुरुस्त होत नाही.

उतरवल्यावर व्हॅनिला घालून ऐवज बारीक गाळणीतून गाळावा. कुठे बारीक दाणे दिसले तर ते बहुधा गोळा झालेल्या केसीनचे असतात. गरम असतानाच ब्लेंडर फिरवून गाळले की पोत मऊ होतो. थंड झाल्यावर काही दिवसांनी जिभेला लागणारी रवाळ कचकच मात्र वेगळ्या कारणाची आहे, आणि तिच्यासाठी साखरेला दोष दिला जातो तो चुकीचा. दोन लिटर शेळीच्या दुधात 85 ते 90 ग्रॅम लॅक्टोज असते. 900 ग्रॅम काहेतात पाणी उरते अडीचशे ग्रॅमच्या आसपास. साखर त्या पाण्यात सामावते, पण लॅक्टोज फारच कमी विरघळणारे आहे. एवढ्या पाण्यात खोलीच्या तापमानाला त्यातले निम्मेच कसेबसे विरघळलेले राहू शकते. बाकीचे केव्हा ना केव्हा स्फटिकरूपाने बाहेर पडणारच. ते टाळता येत नसले तरी स्फटिक किती मोठे व्हावेत हे हातात असते. संथपणे, न हलवता थंड होऊ दिले तर थोडे पण मोठे स्फटिक वाढतात आणि जिभेला बोचतात. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून सतत ढवळत निववले तर असंख्य सूक्ष्म स्फटिक होतात आणि जिभेला कळतही नाहीत. रवाळ झालेली काहेता मंद आचेवर थोडे पाणी घालून विरघळवून पुन्हा ढवळत निववली की पूर्ववत होते. लॅक्टेज हे विकर घालून आदल्या दिवशी लॅक्टोज फोडून घेतले तर स्फटिकांचा प्रश्नच उरत नाही. पण तेव्हा तयार होणारे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज फार लवकर तपकिरी होतात, म्हणून सोडा निम्मा करावा.

सेलायात काहेताचे तीन प्रकार प्रचलित आहेत: साधी व्हॅनिलाची, जळकी आणि मद्याची. जळक्या प्रकाराची कडसर चव घरी हवी असेल तर एकूण साखरेतली 100 ग्रॅम वेगळी काढून जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवावी आणि गडद मधाच्या रंगावर आली की आच बंद करावी. मग सोडा घातलेले गरम दूध पळीपळीने घालावे. ऐवज जोरात उसळतो, वाफ येते, साखर घट्ट होऊन बसते. ती नंतर हळूहळू विरघळते. येथे सोडा आधीच दुधात असणे आवश्यक, कारण जळलेली साखर आम्लधर्मी असते आणि नुसते दूध तिच्यावर फाटू शकते. मद्याच्या प्रकारात रम, ब्रँडी किंवा शेरीचे दोन मोठे चमचे अगदी शेवटी, आच बंद करून घालतात.

वड्या किंवा चघळायच्या गोळ्या करायच्या असतील तर प्रमाण बदलते. एक लिटर शेळीचे दूध, 300 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, 40 ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि पाव छोटा चमचा सोडा घ्यावा. या घट्टपणाला पाणी इतके कमी उरते की आता साधी साखरही स्फटिक धरू पाहते. ग्लुकोज तिला अडवते. लोणी सोडून बाकी सगळे वरच्याच रीतीने आटवावे, दाट झाल्यावर लोणी घालावे आणि 118 ते 120 अंशांपर्यंत न थांबता ढवळावे. तापमापक नसेल तर मिठाईवाल्यांची गोळीबंद पाकाची परीक्षा येथे लागू पडते: थेंब थंड पाण्यात टाकला की बोटांनी वळता येईल अशी, हातात धरून ठेवल्यास आकार न सोडणारी गोळी व्हावी. लोणी लावलेल्या ताटात ओतून पूर्ण थंड झाल्यावर वड्या कापाव्यात आणि प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळावी. पावसाळ्यात या वड्या हवेतला ओलावा ओढून तासाभरात चिकट होतात. तेव्हा त्या करायच्या तर लगेच गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवाव्यात. मेक्सिकोच्या ईशान्येकडील नुएव्हो लेओन राज्यातल्या लिनारेस गावाचे ग्लोरिआ हे गोळे याच जातीचे, त्यांत अक्रोडासारख्या पेकनचे तुकडे असतात.

काहेता भरायच्या काचेच्या बाटल्या आणि झाकणे पाण्यात दहा मिनिटे उकळून, उलटी घालून कोरडी करावीत. कोमट काहेता भरून, वाफ जिरल्यावर झाकण लावावे. गरमच झाकली तर वाफेचे पाणी वर साचून त्यावर बुरशी येते. शीतकपाटात ती महिनाभर चांगली राहते. दरवेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. घरी भरलेल्या बाटल्या बाजारच्या बंद बाटल्यांसारख्या बाहेर ठेवू नयेत. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी शेळीचे दूध निर्धोक समजून काहेता खाऊ नये, कारण दोन्हींची प्रथिने बरीच मिळतीजुळती आहेत. लॅक्टोज न पचणाऱ्यांचीही तीच गत.

मेक्सिकोत ती पातळ धिरड्यांसारख्या क्रेपवर अक्रोडाबरोबर, तळलेल्या चुरोंबरोबर किंवा दोन कुरकुरीत पातळ चकत्यांमध्ये लावून खातात. घावन, गरम पोळी, भाजलेले केळे यांच्याबरोबरही ती शोभते. शीतकपाटातून काढलेली काहेता घट्ट असते. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटे उभी केली की ओतता येते. मायक्रोवेव्हमध्ये तापवायची तर दहा-दहा सेकंदांनी ढवळावी, नाहीतर मधला भाग उकळून उडतो. पातेल्याच्या कडेला चिकटून राहिलेला थर खरवडत बसण्यापेक्षा त्यातच कपभर दूध घालून उकळावे. थर सुटतो, भांडे निम्मे साफ होते आणि ते दूध कॉफीत घालता येते.